दोन नट, एक पंप आणि आजोबांची फियाट

पार्लर, जिम, मल्टिप्लेक्स... रविवार घालवायचे हजार मार्ग आहेत. आमच्या प्रतिनिधीने मात्र एक आख्खा रविवार बॉनेटखाली डोकं घालून काढला. हाताला ग्रीस, नाकात पेट्रोल आणि डोक्यावर डेडलाइन!

लकडी पुलावर गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे ज्याची पडली आहे त्यालाच कळतं. शनिवार संध्याकाळ, मागे पीएमटीची आठवण करून देणारी पीएमपीची बस, तिच्यामागे अर्धं पुणं आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर. मी आजोबांच्या १९६८ च्या फियाट डिलाइटमध्ये बसून सेल्फ मारतेय. घर्र... घर्र... आणि नंतर तेही नाही.

शेवटी कॉलेजच्या तीन पोरांनी धक्का मारला. एकानं जाता जाता विचारलं, ''ताई, विकायची आहे का?'' मी नाही म्हटलं. पण खरं उत्तर होतं, ''बहुतेक हो.''

कारण आमच्या घरात गाडीची बोलणी पक्की होत आली होती. एका कॅफेवाल्यानं बाबांना फोन केला होता. त्याला इंजिन नको होतं, फक्त बॉडी हवी होती. बॉनेटमध्ये माती भरून झाडं लावणार, मागची सीट काढून सोफा करणार आणि दारात ठेवणार. लोक येतील, सेल्फी काढतील. बाबा म्हणाले, ''पडून राहण्यापेक्षा बरं. निदान कोणी पुसेल तरी.'' आजी काहीच बोलली नाही. आमच्याकडे आजी काही बोलली नाही की ते बोलण्यापेक्षा जास्त असतं!

पंधरा दिवसांनी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. बाबांशी माझी डील ठरली. रविवारी आजीला सदाशिव पेठेतून कर्वे रोडच्या कार्यालयात फियाट स्वतःच्या चाकांवर घेऊन गेली तर ती राहील. नाही गेली तर सोमवारी कॅफेवाला येईल. बाबा हसून 'डन' म्हणाले. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीवर इंजिन चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आपोआप वाढणारं ऑइल

पहिली चूक मी सगळे करतात तीच केली. जवळच्या चकाचक गॅरेजमध्ये गाडी टाकली. तिथल्या मुलानं लॅपटॉप जोडायला सॉकेट शोधलं, सापडलं नाही, मग म्हणाला, ''मॅडम, कार्ब्युरेटर गेला.'' साफसफाई, नवे प्लग, साडेचार हजार रुपये. गाडी तीन दिवस चालली आणि चौथ्या दिवशी नळ स्टॉपला पुन्हा मुक्काम.

या सगळ्यात एक गोष्ट मला आनंदाची वाटली होती. इंजिन ऑइल अजिबात कमी होत नव्हतं. उलट गेजची काडी काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. मला वाटलं, वा, म्हातारीची तब्येत ठणठणीत आहे!

नाना पेठेच्या एका बोळातल्या चाचांना मी हे अभिमानानं सांगितलं. वय सत्तरीपार, डोळ्यावर दोरीनं बांधलेला चष्मा, चाळीसेक वर्षं फक्त फियाट. त्यांनी काडी काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

''बेटा, ऑइल कधी आपोआप वाढतं का? हे पेट्रोल आहे. पंपाचा डायफ्राम फाटलाय. गाडी चालवलीस अजून आठ दिवस, तर इंजिनच बसलं असतं.''

लेट मी एक्स्प्लेन, कारण हे मलाही तेव्हाच कळलं.

तीनशे ग्रॅमचं हृदय

आजोबांच्या चेतकला फ्युएल पंप नव्हता. स्कूटरची टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल आपलं आपण उतरतं. फियाटची टाकी मात्र मागे, डिकीच्या बाजूला आणि इंजिन पुढे. पेट्रोल मागून ओढून आणून वर कार्ब्युरेटरपर्यंत चढवायला कोणीतरी हवं. ते काम करतो मुठीत मावणारा एक मेकॅनिकल पंप. त्याला वायर नाही, फ्यूज नाही, मोटर नाही. इंजिनच्या अंगाला दोन नटांवर बसवलेला असतो आणि इंजिनच त्याला चालवतं.

इंजिनमधल्या कॅमशाफ्टवर एक एक्सेंट्रिक असते, म्हणजे मुद्दाम मध्यापासून सरकवलेला गोल. ती फिरली की पंपाचा लिव्हर ढकलते. लिव्हर रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, खाली ओढतो. वर पोकळी तयार होते, आत येणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि पेट्रोल शोषलं जातं. एक्सेंट्रिक पुढे सरकली की स्प्रिंग पडद्याला वर ढकलते, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे निघतं. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरते. म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर हा पडदा मिनिटाला १५०० वेळा खाली-वर होतो. आपलं हृदय जिममध्येसुद्धा दोनशेच्या आसपास थकतं!

यातला बेस्ट भाग पुढे आहे. कार्ब्युरेटरची वाटी भरली की तिथली सुई पेट्रोलचा रस्ता बंद करते. मग पंपाचा पडदा खालीच अडकून राहतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो, हवा तेवढाच पुरवठा. आणि हे सगळं किती दाबावर? साधारण ३-४ पीएसआय. सायकलच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट हवा असते.

आता या पडद्याला भोक पडलं तर? वरून कार्ब्युरेटरला पेट्रोल कमी पडतं, गाडी चढावर 'मिसिंग' करते, मग बंद पडते. आणि खाली? पडद्याच्या खाली इंजिन आहे. पेट्रोल गळून थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगना वंगण मिळत नाही. आणि पेट्रोलची वाफ भरलेलं इंजिन म्हणजे आगीला आमंत्रण. माझी 'ठणठणीत' म्हातारी दोन आठवडे असं विष पिऊन चालत होती.

कुर्ला ते काली-पिली

चाचा पंप उघडत असताना मी माझं खरं काम केलं, प्रश्न विचारायचं.

ही गाडी आपल्या शेजारची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढे तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. मुंबईची काली-पिली म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली आणि एक काळ संपला.

''टॅक्सी होत्या तोवर पार्ट कशाचा मिळत नव्हता, सांग,'' चाचा म्हणाले. ''रोज धंदा होता. आता तुझ्यासारखं कोणी आलं तर येतं.''

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण दुकानातल्या तीन स्टुलांपैकी दोन रिकामी होती, हे मला दिसत होतं.

पंपाचे सहा स्क्रू निघाले. आत डायफ्राम काळा, कडक आणि कडेला चिरलेला. माझ्या ऑफिसच्या बॅगेचं रेक्झिन फाटतं तसा.

हे आत्ताच का झालं? एक कारण वय. दुसरं कारण आपण पंपावर भरतो ते पेट्रोल. देशभर १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. १९६८ च्या इंजिनिअरला उसाच्या मळीची काय कल्पना! म्हणून नवा डायफ्राम किंवा नळी घेताना इथेनॉल सोसणारं, म्हणजे व्हायटॉन जातीचं रबर मागायचं.

इलेक्ट्रिक लाव ना यार!

माझ्या एका इंजिनिअर मित्राचा सल्ला होता, ''डोक्याला शॉट नको. इलेक्ट्रिक पंप लाव, दोन वायर, फिनिश.''

टेम्प्टिंग होतं. अनेक जण लावतातही. पण चाचांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दाब. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप यापेक्षा दहा-पंधरा पट दाबानं पेट्रोल फेकतो. तसा चुकीचा पंप लावला तर कार्ब्युरेटरची सुई त्याच्यापुढे टिकत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं, तेही गरम इंजिनवर. दोन, मेकॅनिकल पंप इंजिनबरोबर थांबतो. अपघात झाला, इंजिन बंद पडलं, की पेट्रोलही बंद. इलेक्ट्रिक पंपाला ती अक्कल वेगळी बसवावी लागते, कट-ऑफ स्विचच्या रूपानं. ते सगळं नीट करणार असाल तर जरूर लावा. ''पण तुला एकदा नवा मेकॅनिकल लावला तर पाच वर्षं बघायला नको,'' चाचा म्हणाले.

जुन्या पंपाची पिन झिजली होती, त्यामुळे नुसता डायफ्राम बदलून भागणार नव्हतं. जुना पंप पिशवीत घालून आम्ही गल्लीतली दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदारानं दिलेला पंप हुबेहूब दिसत होता. चाचांनी दोन्ही शेजारी ठेवले. नव्याचा लिव्हर नखभर आखूड! तो बसला असता, नट आवळलेही गेले असते आणि गाडी जन्मात चालली नसती. चौथ्या दुकानात, वरच्या फळीवरच्या धुळकट खोक्यात, बरोबर पंप मिळाला. किंमत आमच्या टीमच्या एका पिझ्झा पार्टीपेक्षा कमी.

''आता लाव,'' चाचा म्हणाले आणि पाना माझ्या हातात दिला.

''मी?''

''रस्त्यात बंद पडली तेव्हा मी होतो का?''

रविवार, अकरा वाजता

आधीच्या रविवारी सकाळी आमच्या वाड्याच्या बोळात ऑपरेशन सुरू झालं. इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बाजूला वाळूची बादली. शेजारचे काका बिडी घेऊन बघायला आले, त्यांना चाचांनी थेट कोपऱ्यापर्यंत पोहोचवून दिलं.

टाकीकडून येणारी नळी काढली, की पेट्रोल ठिबकतं. तिच्या तोंडात मी पेन्सिल खुपसली. मग कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी. मग दोन नट. पहिला सहज आला, दुसरा हलेना. मी जोर लावला, पाना सटकला आणि माझी बोटं थेट लोखंडावर. ऑफिसात कीबोर्डवर चालणाऱ्या बोटांनी असं काही कधी सोसलं नव्हतं!

''जोर नको, रॉकेल सोड आणि चहा पी.'' दहा मिनिटांनी नट मुकाट्यानं फिरला. लाइफ लेसन फ्री.

जुना पंप निघाला. त्याच्या आणि इंजिनच्या मध्ये एक जाड स्पेसर आणि दोन पातळ पॅकिंग असतात. चाचा जरा बाहेर गेले होते. मी जुनं चिकटलेलं पॅकिंग खरवडलं, नवं लावलं आणि गळू नये म्हणून शहाणपणानं वर आणखी एक चढवलं. जास्त म्हणजे चांगलंच, नाही का?

गाडी सुरू झाली! मी उडीच मारली. पण ॲक्सिलरेटर दाबला की दम लागल्यासारखी गुदमरायची.

चाचा परत आले, वाकून बघितलं आणि हसले. ''डबल पॅकिंग घातलंस?'' पॅकिंग जेवढं जाड, तेवढा पंप इंजिनपासून लांब. पंप लांब गेला की एक्सेंट्रिकचा धक्का लिव्हरपर्यंत पूर्ण पोहोचत नाही, पडदा अर्धाच हलतो, पेट्रोल अर्धंच येतं. कागदाएवढी जाडी आणि एवढा फरक.

सगळं पुन्हा उघडलं. या वेळी हँडलनं इंजिन थोडं फिरवून एक्सेंट्रिकचा फुगवटा लिव्हरच्या उलट्या बाजूला नेला, म्हणजे पंप स्प्रिंगशी मारामारी न करता बसतो. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. नळ्या जोडताना पंपावरचे बाण बघितले. मग टेस्ट. इग्निशनची वायर काढली, कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत धरली आणि चाचांनी सेल्फ मारला. चुळ्, चुळ्, चुळ्... दर ठोक्याला पेट्रोलची एक चूळ. एवढा देखणा आवाज मी आयपॉडच्या काळापासून ऐकला नाही!

शेवटी पेट्रोल मिसळलेलं जुनं ऑइल काढून टाकलं. पाण्यासारखं पातळ होतं ते. नवं ऑइल, नवा फिल्टर. नळी जोडली, चोक ओढला, चावी फिरवली. इंजिन असं चालू लागलं, की बोळातल्या वरच्या खिडकीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वर बघितलं. आजी.

ओला नॅपकिन

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी चावी घेऊन खाली उतरले, तर ड्रायव्हरच्या सीटवर बाबा. ''तू मागे बस. तुला स्टिअरिंगचे गिअर जमत नाहीत.'' आजोबा गेल्यापासून बाबांनी ही गाडी चालवली नव्हती. पण त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि न बघता पहिला पडला.

एप्रिलचं ऊन. अलका टॉकीजच्या चौकात ट्रॅफिक तुंबलेलं. नऊवारी आणि शालीतल्या आजीनं पर्समधून एक नॅपकिन काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्याकडे दिला. ''गरज पडली तर पंपावर टाक.''

मग कळलं. पूर्वी खंबाटकीच्या घाटात, उन्हाळ्यात, गरम इंजिनजवळ पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची. पंपाला वाफ ढकलता येत नाही, गाडी थांबायची. मग आजोबा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे. फडकं भिजवायचं खातं आजीकडे. 'व्हेपर लॉक' हा शब्द तिला ठाऊक नाही. उपाय मात्र पन्नास वर्षं पर्समध्ये आहे.

''अगं आजी, पंप नवा आहे,'' मी म्हटलं.

''पंप नवा असला म्हणून काय झालं? ऊन जुनंच आहे.''

नॅपकिन लागला नाही. लकडी पूल ओलांडला तेव्हा मात्र आम्ही तिघंही श्वास रोखून होतो. कार्यालयाच्या दारात बाबांनी इंजिन बंद केलं, दोन मिनिटं तसेच बसून राहिले आणि मग खिशातून फोन काढून कॅफेवाल्याला लावला. काय बोलले ते ऐकायला मी थांबले नाही. आजीला उतरवायचं होतं.

करून बघायचंय?

• ऑइलची पातळी आपोआप वाढली किंवा काडीला पेट्रोलचा वास आला, तर गाडी अजिबात सुरू करू नका. आधी पंप तपासा.

• इंजिन थंड, बॅटरी सुटी, जागा मोकळी हवेशीर, वाळू किंवा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. सिगरेटवाले मित्र लांब.

• जुना पंप सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नका. लिव्हरची लांबी, आकार आणि नळ्यांची तोंडं जुळवून बघा.

• स्पेसर आणि पॅकिंग होतं तेवढंच. एक जास्त नाही, एक कमी नाही.

• रबरी नळ्याही बदला, इथेनॉल चालणाऱ्या. सुरू केल्यावर दहा मिनिटं गळती बघा आणि मगच रस्त्यावर काढा.

• ऑइलमध्ये पेट्रोल गेलं असेल तर ऑइल बदलणं मस्ट!

• गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून रजिस्टर करता येते. त्यासाठी 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण मग रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून आधी ठरवा, तुम्हाला गाडी मिरवायची आहे की चालवायची!